मुलगी पंधरा वर्षांची आहे, मोबाइलवर छान फोटो काढते. तिला पहिला खरा कॅमेरा कोणता घ्यावा?

सगळे पैसे बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, घालू नका, लेन्ससाठी राखून ठेवा. एपीएस-सी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप; एपीएस-सी हा तिचा मोबाइलपेक्षा बराच मोठा आकार), वापरलेला पण सुस्थितीतला मिररलेस किंवा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, तिला कितीतरी वर्षं पुरेल. सोबत ३५ मिमी एफ/१.८ लेन्स घ्याच. एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीची १८-५५ किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर अडते, एफ/१.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. संध्याकाळी खिडकीशी बसलेल्या आजीचा फोटो फ्लॅशशिवाय निघतो, सुरकुत्यांसकट! शिवाय या ३५ मिमीला झूम नसल्यामुळे तिला स्वतः दोन पावलं पुढे-मागे व्हावं लागेल. फ्रेम बघायची सवय माझ्या मते त्यातूनच लागते.

मेगापिक्सेल? २४ भरपूर झाले.

जुना घेताना एफ/१६ ला कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. शटर काउंटही, म्हणजे आजवर किती फोटो काढले गेले तेही, विचारा.

आणि घेण्याआधी कॅमेरा तिच्याच हातात द्या. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना तिचं बोट डायलपर्यंत सहज पोचतंय का, ते बघा. हातात न बसणारा कॅमेरा कपाटातच राहतो.