हँडब्रेक ओढूनही पिकअप सरकते तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे दीड टन माल वाहणारी, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेली पिकअप आहे आणि हंगामात काटोलकडची संत्री कळमन्याच्या बाजारात आणण्याचे काम तिच्यावर चालते. मागच्या आठवड्यात भरलेली गाडी गोदामाच्या उतारावर उभी असताना, हँडब्रेक शेवटच्या खटक्यापर्यंत ओढलेला असूनही ती हातभर मागे सरकली. हमालाने चटकन चाकाखाली दगड सारला म्हणून निभावले. मिस्त्रींनी केबलचा नट आवळून दिला. दोन दिवस ब्रेक छान लागला, पण आता उजवे मागचे चाक हात लावू देत नाही इतके तापते. चूक कुठे झाली असावी?
— एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर : नट आवळला यात चूक नाही, तो सर्वांत आधी आवळला ही चूक आहे. आपल्या गाडीत पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक मागच्या चाकांत एकाच जोडीच्या शूंवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या गोल ड्रमला आतून दाबणाऱ्या दोन कमानींवर, काम करतात. फरक एवढाच, की पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलतो आणि हँडब्रेक तेच काम केबलने ओढल्या जाणाऱ्या, ड्रमच्या आतल्या एका लहान पट्टीकडून करून घेतो. शूवरचा घर्षणाचा थर म्हणजे लायनर झिजला की शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते, ते भरून काढायला दांडी अधिक ओढावी लागते आणि आपल्याला वाटते की केबल सैल झाली. केबल थोडीफार ताणली जातेही, पण ढिलाई बहुतेक वेळा चाकातच असते. अशा वेळी नुसता नट आवळला तर दांडी खाली सोडलेली असतानाही आतली पट्टी अर्धवट ओढलेली राहते, शू आपल्या जागी परतत नाहीत आणि ड्रमला घासत राहतात. आपोआप अंतर जुळवणारी यंत्रणा असेल तर तीही मग नीट चालत नाही. आपले उजवे चाक तापते ते याच कारणाने.

म्हणून आता उलट क्रमाने जावे. गाडी रिकामी करून सपाट, टणक जागी उभी करावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि मागचा भाग उचलून एक्सलखाली भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. हे मी दर वेळी लिहितो आणि दर वेळी लिहीत राहणार आहे. हे काम ड्रम पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी करावे. तापलेला ड्रम प्रसरण पावलेला असतो. त्या मापाने शू जुळवले तर ड्रम निवल्यावर ते घासू लागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा भर दुपारी रस्त्यावरून आलेली गाडी लगेच उघडून बसणे व्यर्थ आहे.

प्रथम केबलचा नट पूर्ण सैल करावा, ड्रम काढून लायनर पाहावा. तो संपत आला असेल, किंवा त्यावर तेल अथवा ग्रीस उतरले असेल, तर पुढची जुळवाजुळव करूच नये. दोन्ही चाकांचे शू बदलावेत आणि तेल कुठून गळते ते शोधावे. आतली भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. लायनर चांगला असेल तर ड्रम परत बसवून, बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) भोकातून पेचकस घालून शूंचे अंतर कमी-जास्त करणारे आतले दातेरी चाक फिरवावे. ते कोणत्या दिशेने फिरवायचे हे गाडीगणिक बदलते. ज्या दिशेने फिरवताना गाडीचे चाक जड होत जाते ती आवळण्याची दिशा समजावी. चाक हाताने फिरेनासे झाले की काही दात मागे सोडावे आणि ते मोकळे फिरते ना, हे पाहावे. आपोआप जुळणाऱ्या प्रकारात दात मागे सोडताना आतली अडकण दुसऱ्या बारीक पेचकसाने बाजूला धरावी लागते. एक चाक फिरवताना दुसरे उलटे फिरू लागते, तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या एक्सलमधल्या गिअरसंचाचा, स्वभाव आहे. त्याचा जडपणा शूच्या घासण्याचा समजू नये.

दोन्ही चाके झाल्यावर पायाचा ब्रेक आठ-दहा वेळा दाबावा, म्हणजे शू मध्यावर बसतात. त्यानंतरच केबलच्या नटाला हात लावावा. दांडी किती खटक्यांवर घट्ट व्हावी याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. दांडी पूर्ण खाली असताना दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत आणि ठरलेल्या खटक्यावर दोन्ही सारखीच जखडली पाहिजेत. मग केबलचा नट जागेवर धरून ठेवणारा लॉकनट आवळावा.

नागपूर तसे सपाट शहर. रामझुल्यासारखे पूल आणि गोदामांचे रॅम्प सोडले तर हँडब्रेकची कसोटी लागतच नाही, त्यामुळे तो निकामी झाल्याचे मालकाला महिनोन्महिने कळत नाही आणि पासिंगच्या (गाडीच्या योग्यता तपासणीच्या) वेळी धावपळ होते. भरलेली गाडी उतारावर लावताना हँडब्रेकसोबत गिअरही टाकावा : तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. हमालाला दगड शोधावा लागू नये म्हणून दोन ठोकळे गाडीतच ठेवावेत.

प्रश्न : माझ्या गाडीत दांडी खाली केली तरी डाव्या बाजूचा ब्रेक सुटत नाही, पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी होती.
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : केबलच्या आवरणात पाणी शिरून आतली तार गंजली असावी. चाकाच्या टोकाकडून केबल सोडून तार हाताने मागे-पुढे करून पाहावी. ती अडकत असेल तर तेल सोडून वेळ मारून नेण्याऐवजी केबलच बदलावी. तार मोकळी सरकत असेल, तर आतली पट्टी किंवा दोन्ही चाकांना सारखा ओढ देणारा मधला जोड गंजला आहे का ते पाहावे. गाडी अनेक दिवस ओलीत उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअर आणि ठोकळे यांवर उभी करावी आणि हँडब्रेक मोकळा सोडावा.