जुन्या पुस्तकावरून वेब डिझाईन शिकता येईल का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी मिरजेत डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, हँडबिलं, फ्लेक्स, सगळं कोरलड्रॉमध्ये. आता वेबसाईटचं डिझाईन शिकायचंय पण क्लासची फी झेपत नाही. पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून वेब ग्राफिक्सचं एक जाडजूड सेकंडहँड पुस्तक आणलं, २००१ चं. त्यात २१६ वेब सेफ रंग, चित्राचे तुकडे करून टेबलमध्ये बसवायचे, हलत्या चित्रांसाठीचं फ्लॅश, असं सगळं आहे. भाचा म्हणतो रद्दीत घाल. घालू का?

उत्तर : नका हो घालू! भाच्याचं निम्मं बरोबर आहे. फ्लॅशचा भाग सरळ सोडून द्या, अडोबीनेच २०२० च्या अखेरीला ते बंद केलं. २१६ रंगांची भानगड तेव्हाच्या २५६ रंगांच्या मॉनिटरमुळे होती, आता कोणताही रंग वापरा. टेबलमध्ये तुकडे बसवणंही गेलं, ते काम आता सीएसएस, म्हणजे वेबपानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणारी भाषा, करते.

पण मांडणी, रिकामी जागा, कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं बारीक, ही प्रकरणं नीट वाचा, ती अजिबात शिळी झालेली नाहीत. फाईल साईजचं प्रकरण तर दोनदा वाचा. ते डायलअपच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ इंटरनेटच्या, काळात लिहिलंय म्हणून त्यात एकेक केबी वाचवायला शिकवतात, आणि गावाकडे रेंज नसताना पान उघडत नाही तेव्हा तेच कामाला येतं. मोबाईलवरचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणून जेपीईजीची क्वालिटी थोडी उतरवली की बहुतेक वेळा दोनतीनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरकही कळत नाही. लोगो मात्र एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली फाईल, करा, कोरलमधून थेट निघतो, कितीही मोठा केला तरी फाटत नाही. सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) आणि ३०० डीपीआयची प्रेसची सवय इथे सोडा, स्क्रीनसाठी आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश) आणि पिक्सेल एवढंच बघायचं.

आता जे अशा इंग्रजी पुस्तकांत बहुधा नसतंच ते सांगते, कारण मराठी साईटी इथेच बिघडतात आणि मला ते बघून फार वाईट वाटतं. अक्षरांमध्ये अंतर वाढवा म्हणजे हेडिंग उठून दिसतं असं पुस्तक सांगेल, पण देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, वर वेलांट्या मात्रा आणि खाली उकार असतात ना, मी अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीखाली जात नाही. आणि डीटीपीचे जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वेबवर आणू नका (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच ठरलेला क्रमांक), तो फॉन्ट नसलेल्या माणसाला नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. त्यावर तोडगा म्हणून बरेचजण अख्खा मजकूरच चित्र करून टाकतात, मग तो ना कॉपी होतो ना फोनवर नीट वाचता येतो, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकापर्यंत तर पोचतच नाही. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, युनिकोड आहे, त्याने सुरुवात करा.

अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवा, तो मोजून देणारी फुकट टूल्स मिळतात. पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवत बसू नका, तुमच्याच एखाद्या हँडबिलाचं वेबपान करा आणि आधी फोनच्या रुंदीत मांडा, कॉम्प्युटरसाठी नंतर. फोटोशॉप नसेल तर फोटोंसाठी गिंप आणि रेखाचित्रांसाठी इंकस्केप ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पुढचं पुस्तक घेताना आधी साल बघा, सीएसएस ग्रिड, म्हणजे पान चौकटींत मांडायची सीएसएसमधली सोय, ब्राउझरांमध्ये २०१७ ला आली, त्याआधीचं पुस्तक कोडसाठी घेऊ नका.