ज्वारीचा दाणा आणि कडबा दोन्हींत ग्लुकोजच असेल, तर माणसाला कडबा का पचत नाही?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. ज्वारीच्या दाण्यातील स्टार्च आणि कडब्यातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच बनलेली असतात असे बारावीच्या पुस्तकात आहे, मग एक आपल्याला पचते आणि दुसरे का पचत नाही, हा पहिला भाग. दुष्काळात दाणा पदरात पडत नाही पण थोडाफार कडबा तरी हाती लागतो, तेव्हा त्या कडब्याचेच पीठ करून का खाऊ नये, हा दुसरा. मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. हा दुसरा प्रश्न वर्गात कोणी विचारला की बाकीची मुले हसतात, पण खरे तर तोच अधिक अवघड आहे.

आधी एक दुरुस्ती करावी लागेल. ज्वारीच्या दाण्याचा सुमारे सत्तर टक्के भाग स्टार्च असतो हे खरे आहे, परंतु कडबा मात्र संपूर्णपणे सेल्युलोज नसतो. त्यात सेल्युलोज साधारणपणे एक तृतीयांश असते. उरलेल्या भागात हेमिसेल्युलोज, लिग्निन, थोडी साखर, थोडी प्रथिने आणि बरेच सिलिका असते. यांतील लिग्निन, म्हणजे ताटाला कडकपणा देणारे लाकडी द्रव्य, ही बहुशर्करा (शर्करांच्या रेणूंची लांब साखळी) नव्हेच, तरीही पचनाच्या वाटेत सर्वांत मोठा अडथळा तिचाच असतो. शुद्ध सेल्युलोज पाहायचे असेल तर कडब्यापेक्षा कापसाचा बोळा घ्यावा, कारण कापसाच्या धाग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते.

आता मूळ फरकाकडे वळू. ग्लुकोजच्या रेणूतील पाच कार्बन अणू आणि एक ऑक्सिजन अणू मिळून एक वलय तयार होते. त्यातील पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवर जो हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, तो वलयाच्या पातळीच्या खाली असेल तर त्या रेणूला अल्फा ग्लुकोज म्हणतात आणि वर असेल तर बीटा ग्लुकोज. एका रेणूचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनशी जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि अशा रीतीने शेकडो किंवा हजारो रेणूंची साखळी बनते. स्टार्चमध्ये हा बंध अल्फा असतो, सेल्युलोजमध्ये बीटा. पुस्तकातील तक्ता येथेच थांबतो आणि 'अल्फा म्हणजे साठवण, बीटा म्हणजे बांधणी' एवढे पाठ करून घेतो. माझ्या मते ही माहिती अपुरी आहे. बंधामुळे साखळीला कोणता आकार येतो आणि त्या आकारामुळे साखळ्या एकमेकींच्या किती जवळ बसू शकतात, हे समजल्याशिवाय पचनाचे कोडे सुटत नाही.

अल्फा बंधामुळे प्रत्येक पुढचे वलय किंचित वळत जाते आणि साखळीचा सर्पिल तयार होतो, ज्याच्या एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज मावतात. स्टार्चमधील ॲमायलोज हा भाग असा असतो. भाकरीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला असता जो निळा-काळा रंग येतो, तो आयोडिन या सर्पिलाच्या पोकळीत जाऊन बसल्यामुळे येतो. कापसाच्या बोळ्यावर तोच थेंब टाकून पाहा, निळा रंग येणार नाही, कारण सेल्युलोजमध्ये तशी पोकळीच नसते. स्टार्चचा उरलेला आणि मोठा भाग ॲमायलोपेक्टिनचा असतो. त्यात दर चोवीस ते तीस ग्लुकोजनंतर एक फांदी फुटते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेन या बहुशर्करेमध्ये तर दर आठ ते बारा ग्लुकोजनंतर फांदी असते. फांद्या जितक्या जास्त तितकी मोकळी टोके जास्त, आणि ग्लायकोजेन फोडणारे विकर (एन्झाइम) टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवत असल्यामुळे धावण्याची वेळ आली की हजारो टोकांवर एकाच वेळी काम सुरू होऊ शकते. झाडाला धावायचे नसते, म्हणून त्याला कमी फांद्यांवर भागवता येते.

साखर साखरेच्याच रूपात न साठवता तिच्या साखळ्या करण्यामागे आणखी एक कारण आहे. विरघळलेला प्रत्येक रेणू पाणी ओढतो. यकृताच्या पेशीतील सगळे ग्लायकोजेन सुटे होऊन ग्लुकोज म्हणून विरघळले, तर पेशीत इतके पाणी शिरेल की ती फुटेल. हजारो ग्लुकोज एका रेणूत बांधले की पाण्याच्या हिशोबात तो एकच रेणू धरला जातो. हुरड्याच्या अवस्थेतील दाणा गोड आणि दुधाळ असतो तो त्यातील सुट्या साखरेमुळे. दाणा पक्का होत जातो तशी ती साखर स्टार्चच्या कणांत बांधली जाते, पाणी कमी होते आणि तोच दाणा वर्षभर टिकण्याइतका कोरडा होतो.

सेल्युलोजमध्ये बीटा बंधामुळे प्रत्येक पुढचे ग्लुकोज आधीच्याच्या तुलनेत उलटे होऊन बसते, त्यामुळे वळण येत नाही आणि साखळी सरळ राहते. तिला फांद्याही नसतात. ज्वारीच्या सरळ ताटांची पेंढी घट्ट बांधता येते, बाभळीच्या फांद्यांची येत नाही. त्याच न्यायाने सेल्युलोजच्या साखळ्या शेजारी-शेजारी लागून बसतात, त्यांच्यामध्ये असंख्य हायड्रोजन बंध तयार होतात आणि पाण्याला आत शिरायला जागाच उरत नाही. हा एकेक हायड्रोजन बंध दुबळा असतो, पण हजारोंनी एकत्र आले की ताट वाऱ्यात उभे राहते आणि कापसाचा धागा शेकडो धुण्यांना पुरतो. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ साली वनस्पतींपासून सेल्युलोज वेगळे केले. त्याआधी पाच वर्षे, म्हणजे १८३३ मध्ये, त्यांनीच सहकारी पर्सो यांच्यासमवेत मोड आलेल्या सातूमधून स्टार्च फोडणारे डायास्टेज हे विकरही मिळवले होते. आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतून गेल्या, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता पचन. आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात ॲमायलेज हे विकर असते, आणि त्याची खाच अल्फा बंध असलेली, वळणारी साखळी धरण्याजोगी घडलेली असते. लहान आतड्याच्या अस्तरावरील विकरे उरलेले तुकडे आणि फांद्यांचे सांधे फोडून शेवटी सुटे ग्लुकोज रक्तात पाठवतात. सेल्युलोजची सरळ साखळी ॲमायलेजच्या खाचेत बसत नाही, आणि बीटा बंध फोडणारे सेल्युलेज बनवण्याची जनुके माणसाजवळ नाहीत. गाई-म्हशींजवळही ती नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य जीवाणू, आदिजीव आणि कवके राहतात, आणि सेल्युलेज असते ते त्यांच्याकडे. जनावराला त्यातून ग्लुकोज मिळतच नाही म्हटले तरी चालेल. सूक्ष्मजीव ते स्वतः वापरतात आणि ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले मागे सोडतात. गाय जगते ती मुख्यतः या आम्लांवर आणि पुढच्या कप्प्यांत पचणाऱ्या सूक्ष्मजीवांवर. रवंथ करण्याचा उपयोगही यातच आहे, कारण चघळून तुकडे बारीक झाले की सूक्ष्मजीवांना चिकटायला अधिक पृष्ठभाग मिळतो.

मात्र सगळे बंधावरच ठरते असे समजू नये. भाकरीचे पीठ आधणाच्या पाण्यात भिजवतात, कारण ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते आणि पीठ एकत्र धरून ठेवण्याचे काम उष्णतेने फुगून चिकट झालेल्या स्टार्चलाच करावे लागते. भाकरी शिळी झाली की ॲमायलोजच्या पसरलेल्या साखळ्या पुन्हा शेजारी-शेजारी लागतात, मधले पाणी बाहेर ढकलले जाते आणि भाकरी कडक होते. ती केवळ वाळल्यामुळे कडक होत नाही. या पुन्हा रचल्या गेलेल्या स्टार्चचा काही भाग ॲमायलेजला दाद देत नाही आणि मोठ्या आतड्यापर्यंत तसाच जातो, जेथे आपले स्वतःचे जीवाणू त्याला आंबवतात. बंध अल्फाच आहे, पण साखळ्या लागून बसल्या म्हणून पचन अवघड झाले.

याच्या अगदी उलट उदाहरण चिंचोक्याचे आहे. चिंचोक्यात साठवलेल्या झायलोग्लुकन या बहुशर्करेचा कणा हुबेहूब सेल्युलोजसारखा, म्हणजे बीटा बंधांनी जोडलेल्या ग्लुकोजचा असतो. फरक एवढाच की त्या कण्याला झायलोज आणि गॅलॅक्टोज या शर्करांच्या लहान फांद्या असतात. या फांद्या साखळ्यांना एकमेकींजवळ येऊ देत नाहीत, मध्ये पाणी शिरते आणि कडक तंतूऐवजी चिकट खळ तयार होते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ती हीच. शिवाय ही बहुशर्करा बीजाच्या अंकुरासाठी ठेवलेली शिदोरी असते, म्हणजे बीटा बंध असूनही तिचे काम साठवणीचे आहे. गवारीच्या बियांतील डिंकाचेही तसेच आहे, फक्त तेथे कणा मॅनोजचा असतो. तक्त्यातील 'बीटा म्हणजे बांधणी' हे सूत्र या दोन बियांपुढे टिकत नाही.

कायटिनचा उल्लेख थोडक्यात करतो. बीटा ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजनयुक्त गट बसवला आणि तशीच सरळ साखळी केली की कायटिन होते. कीटकांचे कवच आणि कवकांची पेशीभित्तिका त्याने बनलेली असते. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी फवारले जाणारे नोव्हॅल्युरॉन किंवा लुफेन्युरॉन नव्या कायटिनची निर्मिती रोखते, म्हणून अळी लगेच मरत नाही, तर पुढची कात टाकताना मरते. फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून औषध खोटे ठरत नाही.

आता दुसरा भाग. दळून कडब्याचे पीठ होईल, पण त्यातून अन्न मिळणार नाही, कारण जात्याने तुकडे बारीक होतात, बंध तुटत नाहीत. बंध तोडण्यासाठी तीव्र आम्ल आणि उष्णता लागते, किंवा सेल्युलेज लागते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजू लागले, तेव्हा त्यास कारणीभूत असलेले एक कवक वेगळे करण्यात आले. पुढे त्याला ट्रायकोडर्मा रिसाय हे नाव मिळाले आणि आज औद्योगिक सेल्युलेजचा मोठा भाग त्याच्याच वंशाकडून घेतला जातो. मर रोग टाळण्यासाठी तूर-हरभऱ्याच्या बियाण्याला आपण जे ट्रायकोडर्मा चोळतो, ते याच कुळातले. ते इतर कवकांच्या भित्तिका विरघळवते.

सेल्युलेजने मात्र ग्लुकोजचा पाक मिळेल, पीठ नव्हे. पीठ हवे तर सुट्या झालेल्या तुकड्यांतून अल्फा बंधांची साखळी नव्याने जोडावी लागेल. २०१३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथील संशोधकांनी विकरांचा संच वापरून सेल्युलोजच्या काही भागाचे ॲमायलोजमध्ये रूपांतर करून दाखवले, तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या आपली कल्पना शक्य आहे. अडचण विकरांच्या खर्चाची आणि कडब्यातील लिग्निन आधी बाजूला काढण्याची आहे.

या लिग्निनवर गोठ्यात मात्र स्वस्त उपाय आहे. शंभर किलो वाळलेल्या चाऱ्याला चार किलोपर्यंत युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडतात आणि चारा सुमारे तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवतात. युरियातून निघणारा अमोनिया लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांतील काही बंध सोडवतो, त्यामुळे सूक्ष्मजीवांना सेल्युलोजपर्यंत पोहोचता येते आणि त्यांना नायट्रोजनही मिळतो. हा चारा लहान वासरांना देऊ नये, मोठ्या जनावरांनाही थोड्या प्रमाणापासून सवय लावावी, झाकण काढल्यावर अमोनियाचा उग्र वास जाईपर्यंत तो पसरून ठेवावा, आणि आपल्या घरी पहिल्यांदाच करणार असाल तर प्रमाण पशुवैद्यकांना विचारून ठरवावे, कारण न विरघळलेला युरिया जनावराच्या पोटात गेला तर विषबाधा होते.