मसाला त्या सॉसेजच्या आतच असतो

आपण विचारले आहे की, अमेरिकेत आल्यापासून आपण इटालियन सॉसेज (डुकराच्या मांसाचा खिमा पातळ आवरणात भरून केलेल्या कांड्या), ढोबळी मिरची आणि कांदा यांचा एकाच पॅनमधला पदार्थ रात्रीच्या जेवणासाठी करता, पण भाज्यांना पाणी सुटते, सॉसेज बाहेरून करपून आतून कच्चे राहते आणि सासऱ्यांना त्यात काही चवच लागत नाही. तेव्हा सॉसेज आधी उकडून घ्यावे का आणि त्यात कोणता मसाला घालावा? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण हा प्रश्न कोणीतरी मला विचारावा याची मी गेली पंचवीस वर्षे वाट पाहत आहे. त्यात कोणताही मसाला घालू नये. गरम मसाला नको, किचन किंग नको आणि मी स्वतः कोल्हापूरचा असूनही सांगतो, कांदा-लसूण मसाला तर मुळीच नको.

मी 1997 साली न्यू जर्सीत आलो आणि नेवार्कच्या उत्तरेला असलेल्या बेलव्हिल गावात एका इटालियन-अमेरिकन बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे आईवडील नेपल्सच्या पूर्वेकडील अव्हेलिनो प्रांतातून आलेले, आणि त्यांचे बालपण नेवार्कच्या ‘फर्स्ट वॉर्ड’ या इटालियन वस्तीत गेलेले. शहराच्या पुनर्विकासासाठी 1950 च्या दशकात त्या वस्तीचा मोठा भाग पाडण्यात आला आणि तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. सेंट ल्यूसीचे चर्च तेवढे राहिले. ऑक्टोबरमध्ये तेथे संत जेरार्डचा उत्सव भरतो. वस्ती नाहीशी झाली तरी बाई दरवर्षी त्या उत्सवाला जात आणि परत आल्यावर त्यांच्या कोटाला तळलेल्या सॉसेजचा आणि मिरचीचा वास येत असे. तो वास मला प्रथम जिन्यात भेटला. घरापासून इतक्या लांब, एकट्याने राहत असताना त्यातला बडीशेपेचा ओळखीचा वास परक्या घराच्या जिन्यात यावा, याचे मला किती आश्चर्य आणि किती बरे वाटले होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला हा पदार्थ शिकवला. त्यांच्याकडे आईच्या वेळचा बिडाचा पॅन होता, बारा इंच व्यासाचा, आतून काळाभोर आणि काचेसारखा गुळगुळीत. त्यात त्या सॉसेजच्या कांड्या थंड असतानाच एकीला एक न चिकटतील अशा मांडत, अर्धा कप पाणी ओतत आणि मग मध्यम आच लावत. झाकण अर्धवट ठेवत. दहा-बारा मिनिटांत पाणी आटून जाई. तोवर सॉसेज आतपर्यंत शिजलेले असे आणि त्यातील चरबी पाझरून पॅनच्या तळाशी जमलेली असे. मग त्या झाकण काढून त्याच चरबीत कांड्या उलटसुलट करत तांबूस करत. कांडीला काटा टोचलेला त्यांना खपत नसे. टोचले की रस बाहेर जातो आणि आत भुसा उरतो, असे त्या म्हणत, आणि माझाही अनुभव तोच आहे.

आपल्या ‘उकडावे का’ या प्रश्नाचे उत्तर यातच आले. वेगळ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून दिले, तर सगळी चव त्याबरोबर मोरीत जाते. त्याच पॅनमध्ये, पूर्ण आटून जाईल एवढ्याच पाण्यात सुरुवात केली, तर काहीच वाया जात नाही आणि बाहेरचे आवरण करपण्यापूर्वी आतले मांस शिजते. डुकराच्या मांसाचे कच्चे सॉसेज मध्यभागी 71 अंश सेल्सिअस, म्हणजे 160 अंश फॅरनहाइटपर्यंत तापले पाहिजे. साधा टोकदार तापमापक बाजारात स्वस्तात मिळतो, तो घ्यावा. टोचण्याला माझा विरोध असला तरी शेवटी एकदा एका कांडीला तापमापक लावण्याला नाही.

आता त्या प्रसंगाविषयी सांगतो, ज्यासाठी खरे तर मी हे उत्तर लिहायला बसलो आहे. 1999 च्या शरद ऋतूत माझी ताई आणि दाजी महिनाभरासाठी माझ्याकडे आले होते. घरमालकीणबाईंनी आम्हा तिघांना आग्रहाने खाली जेवायला बोलावले आणि या पाहुण्यांसाठी त्या सकाळीच ओळखीच्या इटालियन खाटकाकडे जाऊन ताजे सॉसेज घेऊन आल्या. तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या, दोन मोठे पांढरे कांदे आणि लसणाच्या पाकळ्या त्यांनी स्वतः चिरल्या. पदार्थ तयार झाला. त्या पाव गरम करायला ओव्हनकडे वळल्या, तेवढ्यात दाजींनी पॅनमधील एक तुकडा चाखला, “याला काही चवच नाही” असे मराठीत म्हटले, वर जाऊन ताईच्या पिशवीतील कांदा-लसूण मसाल्याची पुडी आणली आणि दोन चमचे मसाला पॅनमध्ये टाकून, वर भांडेभर पाणी घालून झाकण ठेवले. मी तेथेच उभा होतो. दाजी वयाने आणि मानाने मोठे, बहिणीचे यजमान. मी एक शब्दही बोललो नाही.

बाई परत आल्या, झाकण उघडून पाहिले, आणि काहीही न बोलता त्यांनी तो लाल रस्सा सगळ्यांच्या ताटात वाढला. स्वतः दोन घास खाल्ले. मिरच्या लगदा झाल्या होत्या, बडीशेपेचा वास पूर्ण बुजला होता, आणि आदल्या वर्षभरात त्यांनी मला जे जे शिकवले होते त्यातील एकही गोष्ट त्या पॅनमध्ये शिल्लक नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावले, उरलेल्या कच्च्या सॉसेजची कांडी सुरीने उभी चिरली आणि आतील बडीशेपेचे दाणे बोटाने दाखवत म्हणाल्या, “मसाला इथे आहे. तुझ्या पाहुण्यांना हे सांगायला हवे होते.” त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. पण सांगायला हवे होते, आणि मी ते सांगितले नव्हते, हे मला अजून लागते.

त्यानंतर आमच्या घरातील प्रत्येक लग्नकार्यात दाजी हा प्रसंग “मी अमेरिकेत इटालियन बाईला जेवण करायला शिकवले” अशा थाटात सांगत आले आहेत. म्हणून मला त्यांच्या आणि आपल्या सासऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तर सविस्तर द्यायचे आहे.

हे सॉसेज म्हणजे नुसता मांसाचा गोळा नव्हे. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या नियमांत ‘इटालियन सॉसेज’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाची व्याख्या आहे: त्यात चरबी धरून किमान 85 टक्के मांस असावे, चरबी 35 टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, आणि मीठ, मिरी व बडीशेप किंवा अनीस (बडीशेपेसारख्याच वासाचे दाणे), अथवा दोन्ही, असलेच पाहिजेत. म्हणजे हा मसाला घातल्याशिवाय त्याला ते नावच लावता येत नाही. वेष्टनावर ‘हॉट’ लिहिलेले असेल, तर त्यात वाळलेल्या लाल मिरचीचे कुटलेले तुकडेही असतात. ‘स्वीट’ लिहिलेले असेल, तर ते गोड नसून केवळ तिखट नसते. आपल्या घरी ‘स्वीट’ सॉसेज येत असल्यास सासऱ्यांची तक्रार निम्मी तेथेच उगम पावते; पुढच्या वेळी ‘हॉट’ आणावे.

दाजींना मी एवढेच विचारू इच्छितो की, बारा वर्षे नोकरीनिमित्त गोव्यात म्हापशाला राहत असताना ते शुक्रवारच्या बाजारातून गोव्याच्या सॉसेजच्या माळा आणत असत, तेव्हा त्यात त्यांनी कधी कांदा-लसूण मसाला घातला होता काय? नाही. त्या मण्यांच्या पोटात मिरची, लसूण, मिरी आणि व्हिनेगर आधीच भरलेले असते, म्हणून कांदा, फार तर बटाटा घालून ते स्वतःच्याच चरबीत शिजवायचे आणि पावाबरोबर खायचे, हे त्यांनीच मला शिकवले. जो न्याय गोव्याच्या सॉसेजला, तोच इटालियन सॉसेजला लावायला नको काय? मिरची आपली आणि इटालियनांना तिखट कळत नाही, हा दाजींचा दुसरा मुद्दाही टिकणारा नाही. मिरची, तिखट काय किंवा ढोबळी काय, मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर ती दक्षिण इटलीत पोहोचली आणि पुढे पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. दोन्हीकडच्या गरीब शेतकऱ्यांनी तिला आपलेसे केले. 1880 ते 1924 या काळात 40 लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत आली, त्यातील बहुतेक दक्षिणेची, ज्यांच्या घरी मांस सणासुदीलाच शिजत असे. येथे मांस रोज परवडू लागले आणि सणाचा पदार्थ मंगळवारच्या रात्रीचा झाला. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर 1926 पासून भरत आलेल्या सॅन जेनारो या संताच्या उत्सवात मात्र तो आजही सणाचाच असतो, लांब पावात भरलेला.

भाज्यांच्या पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. मी व्यवसायाने रसायन अभियंता आहे, त्यामुळे हा भाग मला सोपा वाटतो. ढोबळी मिरचीच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग येण्यासाठी त्याहून बरेच अधिक तापमान लागते. छोट्या पॅनमध्ये सगळे एकदम कोंबले, सुरुवातीलाच मीठ घातले आणि झाकण ठेवले, की सुटणाऱ्या पाण्याला निघून जायला वाट मिळत नाही आणि भाजी आपल्याच वाफेत उकडते. म्हणून सॉसेज बाजूला काढून ठेवावे, आच मोठी करावी, 450 ग्रॅम सॉसेजला तीन मिरच्या आणि दोन कांदे या प्रमाणात आधी मिरचीच्या बोटभर रुंद पट्ट्या टाकाव्यात आणि त्या सतत हलवू नयेत. कडा काळसर होऊ लागल्या की कांदा, कांदा पारदर्शक झाला की लसूण आणि ओरेगॅनो, आणि लसणाला मिनिटभरच आच. मीठ सर्वांत शेवटी आणि चाखून, कारण सॉसेज खारटच असते. शेवटी चमचाभर रेड वाइन व्हिनेगर टाकून तळाची खरवड लाकडी उलथन्याने सोडवून घ्यावी आणि सॉसेजचे तिरके तुकडे करून परत आत सोडावेत. झाकण कपाटात राहू द्यावे.

एक-दोन गोष्टी राहिल्या. हे सर्व कच्च्या, ताज्या सॉसेजसाठी आहे. आधीच शिजवून धुरी दिलेले सॉसेज असेल, तर पाण्याची पायरी वगळावी. डुकराचे मांस चालत नसेल तर कोंबडीचे किंवा टर्कीचे इटालियन सॉसेज मिळते, पण त्याला चरबी कमी सुटते, म्हणून दोन चमचे ऑलिव्ह तेल घालावे आणि ते 74 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे. बिडाच्या पॅनमध्ये टोमॅटो घालून तासभर रटरटत ठेवू नये, त्याचे आतले अस्तर निघते. आणि कांदा-लसूण मसाल्याशी माझे काही वैर नाही. माझ्या घरी तो वर्षाला दोन किलो लागतो, आणि ताईच तो पाठवते.

सासऱ्यांना तरीही तिखट हवेच असेल, तर ते पॅनमध्ये न घालता त्यांच्या ताटाशेजारी ठेवावे. इटालियन-अमेरिकन घरांत कुटलेल्या लाल मिरचीची बरणी टेबलावर ठेवलेली असते, ज्याने त्याने आपल्या ताटापुरती घ्यावी म्हणून. आमच्या घरमालकीणबाईंची बरणी काचेची होती, तिला हिरवे झाकण होते, आणि मिरच्या त्यांनी परसात स्वतः वाळवलेल्या होत्या. त्या रात्रीही ती टेबलावर होती, दाजींच्या ताटापासून वीतभर अंतरावर.