आजोबांसाठी शुश्रूषागृह निवडताना

नाशिक

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. पक्षाघातानंतर आजोबांना घरी सांभाळणे तुझ्या आईच्या एकटीच्या आवाक्याबाहेर गेले आहे, आणि गंगापूर रोड, इंदिरानगर व म्हसरूळ येथील तीन केंद्रांपैकी एक निवडण्याचे काम घरच्यांनी तुझ्यावर सोपवले आहे. याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चोवीस तास शुश्रूषा लागते आणि ती देणारी माणसे जिथे आहेत तिथे त्याला नेणे ही त्याची काळजी घेणेच आहे. मात्र ती माणसे तिथे खरोखर आहेत का, हे तुला स्वतः तपासावे लागेल. परिसेविका म्हणून वॉर्ड सांभाळताना जे शिकले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

अमेरिकेत शुश्रूषागृहांची तपासणी होऊन त्यांना तारे दिले जातात, असे तुझ्या मामांनी कळवले ते बरोबर आहे. तिथे 1987 च्या कायद्यानुसार तपासणी पथक आगाऊ सूचना न देता येते, दोन तपासण्यांमध्ये 15 महिन्यांहून अधिक अंतर पडू द्यायचे नसते आणि सापडलेल्या त्रुटी कोणालाही वाचता येतात. 2008 पासून प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारेही दिले जातात. त्या ताऱ्यांतही डावे-उजवे आहे. तपासणीचे तारे बाहेरच्या पथकाच्या नोंदींवर ठरतात, कर्मचाऱ्यांची संख्या पगाराच्या नोंदींवरून मोजली जाते, परंतु गुणवत्तेचा भाग बराचसा संस्थेनेच भरून दिलेल्या माहितीवर अवलंबून असतो. म्हणून तिथेही मी आधी तपासणीचा अहवाल आणि कर्मचारी हेच पाहिले असते. आपल्याकडे असा खुला तक्ता नाही, त्यामुळे ही माहिती तुलाच गोळा करावी लागेल.

कागदांपासून सुरुवात कर. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 च्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणारी जागा येते. शहरात ही नोंदणी महापालिकेकडे होते, तिची मुदत 3 वर्षांची असते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. वृद्धांची अनेक केंद्रे केवळ धर्मादाय न्यास म्हणून किंवा दुकाने व आस्थापना नोंदणीवर चालतात. ती नोंदणी खरी असते, परंतु तिच्यावरून शुश्रूषेबद्दल काहीच कळत नाही. नाकातल्या नळीने अन्न देणे, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणे, इंजेक्शन देणे ही कामे तिथे होत असतील, तर ती कोणत्या नोंदणीखाली आणि कोणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतात, हे स्पष्ट विचार. शिवाय माहितीच्या अधिकाराखाली महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे 10 रुपये शुल्क भरून अर्ज कर आणि नोंदणी प्रमाणपत्र, शेवटच्या तपासणीचा अहवाल व दिलेल्या नोटिसा यांच्या प्रती माग. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते आणि तुला तेवढे थांबता येणार नाही, हे मला कळते; तरीही अर्ज टाकून ठेव. ‘तपासणी झालेली नाही’ असे उत्तर आले, तरी तेही तुला कळायला हवे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. ‘आमच्याकडे दहा जणांचा स्टाफ आहे’ असे तुला अभिमानाने सांगितले जाईल. तेव्हा मनातल्या मनात हिशेब कर. आठवड्याचे तास 168 असतात आणि एका माणसाने आठवड्याला 48 तास काम केले, तर एक जागा रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. म्हणजे दहा जणांच्या स्टाफमध्ये कोणत्याही एका वेळी तीनसुद्धा माणसे हजर नसतात, आणि त्यातून स्वयंपाक व सफाईची माणसे वगळली, कोणी गावी गेले, कोणी आजारी पडले, की रात्री एकच मावशी उरते. एकूण संख्या न विचारता ‘काल रात्री दोन वाजता ड्यूटीवर कोण होते आणि किती माणसे सांभाळत होते’ असे विचार, आणि ड्यूटीचा तक्ता पाहायला माग.

हे इतके ताणून का सांगते, तर आजोबांना उजव्या अंगाची हालचाल नाही. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात. एअर बेडने मदत होते, पण कूस बदलणे चुकत नाही. एका माणसाची कूस बदलणे, ओले झालेले डायपर काढणे, अंग पुसणे यात दहा मिनिटे सहज जातात. असे बारा जण असतील, तर शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचताना दोन तास संपलेले असतात आणि पहिल्या माणसाची पाळी पुन्हा आलेली असते. एकटी मावशी, ती कितीही मायाळू असली तरी, हे रात्रभर करू शकत नाही. त्यामुळे ज्या केंद्रात झोपून असलेले लोक जास्त आणि रात्रीचे हात कमी, ते केंद्र कितीही सुंदर असले तरी माझ्या मनातून उतरते.

पांढऱ्या कपड्यातल्या प्रत्येक मुलीला तिथे ‘सिस्टर’ म्हणतात, म्हणून तेही विचारून घे. जीएनएम किंवा एएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिका प्रत्येक पाळीत आहे, की फक्त सकाळी येऊन जाते? माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून दर आठवड्याला नवी माणसे येत असतील, तर आजोबांना गिळताना ठसका लागतो हे त्यांना कोण सांगणार?

केंद्र पाहायला एकदा ठरवून जा आणि नंतर न कळवता, जेवणाच्या वेळी व संध्याकाळी उशिरा जा. बाग, देवघर आणि रंगवलेल्या भिंती पाहण्यात वेळ घालवू नकोस. तिथल्या वृद्धांच्या टाचा, नखे, ओठ पाहा. ओठ कोरडे पडलेले असतील, तर पाणी पाजायला कोणाला सवड नाही. भर दुपारी सगळेच गाढ झोपलेले असतील, तर कोणती औषधे चालू आहेत असे विचार. कोणाचे हात खाटेला बांधलेले दिसले, तर त्याचे कारण आणि डॉक्टरांची लेखी सूचना माग. दोन्ही मिळाले नाही, तर तिथून निघ. पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर आहे का, बेल दाबल्यावर कोणी येते का, वजनाची नोंद दरमहा होते का, हेही पाहा.

आगीबाबत एक गोष्ट नक्की तपास. 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून जानेवारीत व जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते पाहा आणि झोपून असलेल्या माणसांना जिन्यावरून खाली कसे आणणार, हे मावशींनाच विचार. पंचवटी किंवा तपोवनाकडचे केंद्र मनात आले, तर 2027 च्या सिंहस्थात रस्ते बंद असताना रुग्णवाहिका कशी येणार, हाही प्रश्न तिथे विचारावा लागेल.

केंद्र ठरले, की सुरुवातीला एका महिन्याचाच करार कर. डायपर, औषधे, फिजिओथेरपी यांचे पैसे वेगळे आहेत का, आजोबांना रुग्णालयात हलवावे लागले तर कोण नेईल, आणि मध्येच सोडल्यास डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हे सर्व त्यात लिहून घे. भेटीच्या वेळांवर कडक बंधन घालणाऱ्या केंद्राला मी होकार देणार नाही. दाखल करण्याच्या दिवशी आजोबांची पाठ, माकडहाड व टाचा परिचारिकेसमोर पाहून त्यांची स्थिती फाईलमध्ये नोंदवून घे, म्हणजे पुढे जखम झाली तर ती कुठली यावर वाद होणार नाही. काही गैर दिसले आणि केंद्राने दाद दिली नाही, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे, आणि महापालिकेकडे लेखी तक्रार करून पोच घेता येते.

तिन्ही केंद्रांचे ड्यूटीचे तक्ते मिळाले, की मला पाठव. डिपॉझिट भरण्यापूर्वी आपण दोघी बसून पाहू.

तुझी,
काकू