कीलेस गाडी चोरीला जाऊ नये म्हणून सिग्नल अडवणारा पाऊच पुरतो का?

तुम्ही लिहिलंय की स्लाउला राहता, गाडी कीलेस (किल्ली खिशातच ठेवून उघडणारी आणि सुरू होणारी) आहे, ती रात्री घरासमोरच असते आणि किल्ली पाऊचमध्ये टाकून निर्धास्त झोपावं का, हा प्रश्न आहे. मी इंग्लंडमध्येच गाड्यांची इलेक्ट्रिकल कामं करतो. पाऊच जरूर घ्या, पण त्याने चोरीचा एकच रस्ता बंद होतो.

तो रस्ता असा: हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक क्षीण हाक देते. ती जेमतेम एक-दीड मीटर पोचते. किल्ली जवळ असली तर ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते, आणि ते बरंच लांब जातं. एक चोर यंत्र घेऊन तुमच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. मधल्या मधे निरोप पोचवला की झालं. कोड फोडायची गरजच नाही, कारण उत्तर खऱ्या किल्लीचंच असतं. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. आणि इंजिन एकदा सुरू झालं की किल्ली दूर गेली म्हणून ते बंद पडत नाही. भर रस्त्यात बंद पडलं तर अपघात होईल.

पाऊचमध्ये जादाची किल्लीही ठेवा, ती बहुतेक जण विसरतात. मग पाऊच खिशात घालून गाडीला अगदी खेटून उभे राहा. दार उघडलं तर पाऊच कचऱ्यात. शिवण उसवली की हे पाऊच गळायला लागतात, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासा. चकलीच्या डब्यावर विसंबू नका, झाकणाच्या फटीतून सिग्नल निसटू शकतो.

आता दुसरा रस्ता. २०२२ मध्ये लंडनमध्ये इयान टेबर या गाड्यांच्या सुरक्षेवरच काम करणाऱ्या संशोधकाची टोयोटा रॅव्ह४ चोरीला गेली. त्याआधी कुणीतरी बंपर ओढून हेडलाइटची वायर सोडवली होती. त्या वायरीतून गाडीच्या कॅन नेटवर्कमध्ये (गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरिंगमध्ये) शिरून ‘किल्ली बरोबर आहे’ असा खोटा संदेश पाठवता येतो. असं यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकलं जात होतं. इथे पाऊच काय करणार? म्हणून बंपर किंवा चाकावरचं प्लास्टिक उचकटलेलं दिसलं तर ‘पोरांचा खोडसाळपणा’ म्हणून सोडू नका; त्या रात्री गाडी दुसरीकडे लावा.

माझं मत विचाराल तर पहिले पैसे जाड, लांबूनही दिसेल अशा स्टिअरिंग लॉकवर घाला. तो कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोराला नेमकं तेच नको असतं. त्यानंतर स्टिअरिंगवरची बटणं ठरावीक क्रमाने दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा कॅन इमोबिलायझर. कीलेस सुविधा सेटिंगमधून बंद करता येते का, हे मॅन्युअलमध्ये पाहा, फुकट आहे. इमोबिलायझर बसवलात तर विमा कंपनीला आधीच कळवा, म्हणजे दाव्याच्या वेळी ‘हा बदल सांगितला का नाही’ असा वाद होणार नाही.