टेबलावरून उठलं की संगणक आपोआप लॉक करणारं घड्याळ किंवा बँड मिळतो का? त्यावर विसंबावं का?

मिळतो. लॉक करायला जरूर वापरा, पण संगणक उघडण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याची बिलं आणि हिशेब बघतो. सुताची गाडी आली की हातातलं काम टाकून काट्यावर पळावं लागतं. एकदा असाच उठलो आणि समोर बसलेल्या व्यापाऱ्यानं स्क्रीनवरचा दुसऱ्या पार्टीचा दर वाचला. मालक काही बोलले नाहीत, पण त्या पार्टीशी फोनवर बोलताना मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

तेव्हा विंडोजमधलं डायनॅमिक लॉक, म्हणजे जोडलेला फोन लांब गेला की संगणक आपोआप लॉक करणारी सोय, चालू केलं. ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ साली आली, ११ मध्येही आहे. आधी फोन ब्लूटूथनं जोडायचा, मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स, तिथं खूण करायची. फोन टेबलावर चार्जिंगलाच राहिला तर मात्र सगळं फुकट. म्हणून मनगटावरची वस्तू बरी, हे पटतं. पण ही सोय मुळात फोनसाठीच केलेली असल्यानं मी फोन कायम शर्टच्या खिशात ठेवतो.

खरी अडचण अंतराची आहे. इथं संगणक फक्त सिग्नल किती जोरात येतोय एवढंच बघतो. आमचं ऑफिस आणि मागांची शेड यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड आहे. मी शेडमध्ये उभा असलो तरी त्याला वाटतं मी खुर्चीतच आहे. काटा पक्क्या भिंतीपलीकडं, तिथं गेलो की लॉक होतं. तेही लगेच नाही, अर्धा-एक मिनिट जातं, आणि दर वाचायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. त्यामुळं आजही मी विंडोज आणि एल ही बटणं दाबूनच उठतो. विसरलो तरच डायनॅमिक लॉक.

ॲपलचं घड्याळ मॅक उघडून देतं, तुम्ही निघून गेल्यावर लॉक करत नाही. त्यात सिग्नल जाऊन यायला किती वेळ लागला यावरून अंतर ठरतं, म्हणून फसवणं अवघड. नुसत्या सिग्नलच्या जोरावर उघडणारी वस्तू असेल, तर मध्ये सिग्नल पुढं पोचवणारं यंत्र ठेवून तुम्ही लांब असतानाही संगणक उघडता येतो. आमच्याकडं पार्ट्यांचे दर असतात, मी पिनच टाकतो.

पैसे घालण्याआधी फोन खिशात ठेवून दोन दिवस ऑफिसभर फिरून बघा, नेमकं कुठं गेल्यावर लॉक होतंय ते.